दुसरी दुर्बीण घेताना: जास्त झूम नको, मग काय हवं?

या भागाचा अर्धा ऑडिओ शिरगावच्या किनाऱ्यावर रेकॉर्ड केलाय आणि अर्धा बोईसरला घरी. किनाऱ्यावरच्या अर्ध्यात माझ्यापेक्षा वाराच जास्त बोलतोय, म्हणून हा लिखित भाग. बोलताना जे आकडे घाईत सुटले तेही इथे नीट टाकलेत.

विषय आहे दुसरी दुर्बीण. पहिली नाही. पहिली आपण सगळे एकाच पद्धतीने घेतो: ऑनलाइन सेल, चार-पाच हजारांचं बजेट आणि त्यात बसणारा सगळ्यात मोठा आकडा. मीही तेच केलं. वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत १०×५० घेतली आणि घरी सांगितलं, ‘पन्नास पट दिसणार.’ बीटेक झालेला माणूस. बाबांनी विश्वास ठेवला, मीही ठेवला. खरं म्हणजे पहिला आकडा पट सांगतो, म्हणजे दहा. पन्नास हा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

तरी ती दुर्बीण वाईट नव्हती. तिच्यामुळेच मला हा नाद लागला. केळव्याला सुरूच्या बनात हळद्या बघितला, सातपाटीला जेट्टीवर ब्राह्मणी घार बघितली, खाडीत खंड्या बघितले. वर्षभर मजेत गेलं. मग एका फेब्रुवारीत मला एक मेल आला.

झालं असं की मी शिरगावला चौदा पक्षी मोजले आणि ई-बर्डवर ‘ग्रेटर सँड प्लोव्हर’ म्हणून टाकले. प्लोव्हर म्हणजे आपला चिखल्या. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर तुरुतुरु धावणारे, थांबणारे, परत धावणारे ते छोटे पक्षी. हिवाळ्यात हे सगळे जवळजवळ सारखेच दिसतात: वरून मातकट, खालून पांढरे. ग्रेटर आणि त्याचा छोटा भाऊ यांतला फरक चोचीची लांबी, पायांचा रंग, डोक्याचा आकार असल्या गोष्टींवर ठरतो. आणि २०२३ पासून त्या छोट्या भावाचेही दोन तुकडे झालेत, सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन वेगळ्या जाती धरतात. ई-बर्डवर नोंदी तपासणारे स्वयंसेवक असतात, त्यांच्यापैकी एकांनी अगदी नम्रपणे विचारलं होतं: चोच किती लांब वाटली? पायांचा रंग? फोटो आहे का?

माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. मी ‘मोठे वाटले’ म्हणून लिहिलं होतं. पाच मिनिटं लाज वाटली, मग नोंद बदलून ‘सँड प्लोव्हर, नक्की कोणता ते माहीत नाही’ या पर्यायावर आणली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? चौदा पक्ष्यांची तर गोष्ट. पण आपल्या किनाऱ्यावर सध्या काय चाललंय ते बघा. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ७६,२२० कोटींचा प्रकल्प. ३० ऑगस्टला पालघरला भूमिपूजन झालं. बंदर हवं की नको यावर इथल्या घराघरात वाद आहेत, आज तो विषय नाही. पण एवढं मोठं काम होताना किनारा बदलतोच, आणि आधी इथे कोण किती होतं हे नंतर कुणीतरी विचारतंच. तेव्हा उत्तर असतं फक्त लोकांनी केलेल्या नोंदींमध्ये. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे आणि तिच्यातही मोजणारे बहुतेक हौशीच, आपल्यासारखे. त्या ढिगात माझी ‘मोठे वाटले’ ही नोंद जाऊन बसली असती.

मग मी ठरवलं, दुसरी दुर्बीण घ्यायची. आणि पहिल्याच रात्री कार्टमध्ये काय टाकलं? २०×८०. पक्षी नीट दिसला नाही, तर उत्तर काय? जास्त झूम. सरळ आहे ना?

नशीब, ऑर्डर केली नाही. पुढच्याच रविवारी किनाऱ्यावर एक काका भेटले, बरीच वर्षं पक्षी बघणारे. त्यांच्या गळ्यात ८×४२ होती. मी मनात म्हटलं, यांच्याकडे तर माझ्यापेक्षा कमी आहे. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. तेच चिखल्ये, तेच अंतर. आणि मला पाय दिसले. पायांचा रंग दिसला. एक पक्षी चिखलातून किडा ओढत होता, तो किडा दिसला. आठ पटीत दहा पटीपेक्षा जास्त दिसतंय हे डोक्यात बसेना.

आता याचं कारण सांगतो, हाच आजचा मुख्य मुद्दा.

दुर्बीण पक्ष्याला मोठं करते तशी तुमच्या हाताच्या थरथरीलाही मोठं करते, तेवढ्याच पटीने. दहा पट म्हणजे थरथर दहा पट. किनाऱ्यावर वारा, त्यात माझी १०×५० साधारण ९०० ग्रॅमची. दोन मिनिटांत हात दुखायला लागतात आणि चित्र नाचायला लागतं. नाचणाऱ्या चित्रात पक्षी मोठा दिसतो, पण चोच दिसत नाही. फोनवर झूम करून हलवत काढलेला फोटो आठवा. पक्षी मोठा, तपशील शून्य. म्हणून हातात धरायच्या दुर्बिणीला दहा ही वरची मर्यादा समजा, आणि आठ आरामाची. २०×८० तिपाईशिवाय निरुपयोगीच, ती दोन किलोच्या आसपास जाते. मी ती बाइकवरून केळव्याला कशी नेणार होतो देव जाणे.

जत्रेत किंवा ट्रेनमध्ये मिळणाऱ्या ‘६०×६०’ आणि ‘९०×८०’ बद्दल बोलायलाच नको. ते आकडे फक्त छापलेले असतात. लाल-नारिंगी चमकणारी ‘रुबी’ काच दिसली तर तिथूनच परत फिरा. ती काच लाल प्रकाश परत फेकते, म्हणून आत सगळं हिरवट दिसतं. झूम कमी-जास्त करता येणारी, ‘८ ते २४’ वगैरे लिहिलेली दुर्बीणही स्वस्तात घेऊ नका. पट वाढवली की चित्र अंधारतं आणि दोन्ही नळ्या एकमेकींशी जुळत नाहीत.

काकांनी आणखी एक प्रश्न विचारला. ‘तुझी डायऑप्टर सेट केलीयेस का?’ मी म्हटलं, ती काय असते?

मंडळी, हे करून बघा, फुकट आहे. उजव्या डोळ्याच्या काचेखाली फिरणारी एक रिंग असते. आपले दोन डोळे सारखे नसतात, तो फरक भरून काढायला ती. दूरची एखादी पाटी धरा. उजवी पुढची काच हाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. आता डावी झाका, मधल्या चाकाला हात लावू नका, फक्त ती रिंग फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. झालं. रिंग कुठे आली ते लक्षात ठेवा. मी वर्षभर अर्ध्या फोकसमध्ये पक्षी बघत होतो.

रिंग लावली, चित्र सुधारलं, पण डोकेदुखी गेली नाही. अर्धा तास बघितलं की कपाळ ठणकायचं. मग दुसरी तपासणी केली. समोर एक आडवी विजेची तार घेतली, आणि तारेकडे बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब नेली. दोन्ही गोलांत तार एकाच उंचीवर यायला हवी. माझ्या उजव्या गोलात ती खाली होती. म्हणजे दोन नळ्या वेगवेगळ्या दिशेला बघत होत्या आणि माझा मेंदू त्यांना ओढून-ताणून एकत्र आणत होता. कारण मीच. वर्षभर ती बाइकच्या टाकीवरच्या बॅगेत, काहीही न गुंडाळता, खड्ड्यांतून हिंडली होती. आतली प्रिझम जागची हलली होती. दुरुस्त करून घेण्याचा खर्च तिच्या किमतीच्या जवळ जात होता.

तर मग नवी घेणं आलंच. पण आता मी जरा शहाणा झालो होतो. ऑफिसात काय करतो आपण? कोडला हात लावण्याआधी बग लिहून काढतो. मी फोनमध्ये एक नोट उघडली आणि दोन महिने, जेव्हा जेव्हा जुन्या दुर्बिणीवर चिडलो, तेव्हा तेव्हा एक ओळ लिहिली. कुठे, कधी, काय दिसलं नाही आणि का.

एकोणीस ओळी झाल्या. ‘पक्षी फार लांब होता’ असं किती वेळा? दोनदा. फक्त दोनदा! बाकीच्या सतरा ओळींत हात हलला, अंधार होता, पक्षी चौकटीत सापडायच्या आत उडाला, फुलपाखरू इतकं जवळ होतं की फोकसच होईना, पहिल्या पावसात आतून धुकं धरलं. आणि सहा ओळी बाबांच्या होत्या.

त्या दोन ‘लांब’वाल्या ओळींचं आधी सांगतो, कारण त्यांचा इलाज दुकानात नाही. आपल्याकडे ओहोटीला पाणी खूप मागे जातं, पक्षी त्याच्या कडेने जातात आणि तुम्ही सुरूच्या झाडाखालून डोळे ताणत बसता. याला उपाय म्हणजे भरतीच्या आधी दीड-दोन तास जाऊन शांत बसणं. पाणी चढतं आणि पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. हिशोब करा: १५० मीटरवरचा पक्षी २० पटीतून जेवढा दिसेल, तेवढाच ६० मीटरवरचा पक्षी ८ पटीतून दिसतो. समुद्राने फुकटात झूम करून दिलं.

भरतीची वेळ फोनवर मिळतेच, पण कोकणातलं जुनं गणित जास्त मजेशीर आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. द्वादशीला नऊ. आपण उत्तरेला आहोत, त्यामुळे मुंबईच्या मानाने भरती थोडी उशिरा येते. आता त्यात दुसरी गोष्ट जोडा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, पक्ष्यावर उजेड पडतो. संध्याकाळी सूर्य समोर, सगळे पक्षी काळे ठिपके. मग सकाळी नऊ-दहाची भरती कधी येते? द्वादशी-त्रयोदशीला, शुद्ध किंवा वद्य कोणतीही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी पुरतं चढत नाही. द्वादशीपासून उधाण जवळ यायला लागतं, पाणी चांगलं वर येतं. सातला जाऊन बसायचं. माझ्या सगळ्या चांगल्या नोंदी या दोन-तीन तिथींच्या आहेत. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, एकादशीला तेवढं साबुदाण्याचं घेऊन जा.

आता उरलेल्या सतरा ओळी. त्यांनीच माझी खरेदी ठरवली.

अंधार. पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीत किंवा आशेरीगडाच्या पायवाटेवर सकाळी साडेसहाला झाडीत फारसा उजेड नसतो. इथे एक छोटा भागाकार कामाला येतो: काचेचा व्यास भागिले पट. उत्तर म्हणजे मागून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. १०×५० चा ५ मिलिमीटर, ८×४२ चा ५.२५, ८×३२ चा ४, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ चा फक्त २.५. कडक उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे किनाऱ्यावर दुपारी यातला फरक कळत नाही. झाडीत, पहाटे, बाहुली मोठी होते आणि २.५ वाली दुर्बीण काळोख दाखवते. बघा, ८×४२ इथे माझ्या ‘मोठ्या’ दुर्बिणीच्या बरोबरीने आली, आणि वजनाला पाव किलोच्या आसपास हलकी.

पण प्रकाश फक्त काचेच्या आकारावर ठरत नाही. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत जातो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. बारा धरले तर ०.९६ चा बारावा घात, म्हणजे जेमतेम ६१ टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत. चांगलं कोटिंग असेल तर दर पृष्ठभागावर अर्धा टक्का जातो आणि ९४ टक्के पोचतो. म्हणून डब्यावर ‘फुली मल्टी-कोटेड’ हे तिन्ही शब्द शोधा. नुसतं ‘कोटेड’ किंवा नुसतं ‘मल्टी-कोटेड’ म्हणजे काही काचा तशाच सोडल्यात.

चौकट. खिंडीत निखाराचा थवा आला की तो या झाडावरून त्या झाडावर जायला दहा सेकंद लागतात. तेवढ्यात सापडायला हवा. स्पेसिफिकेशनमध्ये दृश्यकोन अंशांत लिहिलेला असतो. अंश गुणिले १७.५ केलं की एक किलोमीटरवर किती मीटर रुंदी दिसेल ते कळतं. माझ्या जुन्या दुर्बिणीचे ६.५ अंश, म्हणजे ११४ मीटर. नवीचे ७.५, म्हणजे १३१. कागदावर थोडासा फरक, पण झाडीत निखार हातचा जाण्यात आणि सापडण्यात तेवढाच असतो.

जवळचा फोकस. जुनी दुर्बीण सात मीटरच्या आत काही दाखवायची नाही. पावसाळ्यात निम्मी मजा फुलपाखरं, चतुर आणि कोळ्यांची असते, आणि ती तीन पावलांवर असतात. दोन-अडीच मीटरपर्यंत फोकस होणारी शोधा. फक्त कीटकांसाठीच दुसरी घेणार असाल तर पेंटॅक्सची पॅपिलिओ नावाची छोटी दुर्बीण आहे, ती अर्ध्या मीटरवर फोकस होते. माझ्या एका मैत्रिणीकडे आहे, तिने मला एक चतुर दाखवला आणि मी पाच मिनिटं परत दिलीच नाही. पण तिची काच २१ मिलिमीटरची, पहाटेच्या झाडीत ती चालणार नाही.

पाणी. ही आपल्याकडे सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. जून ते सप्टेंबर इथली हवा म्हणजे ओला टॉवेल. सील नसलेल्या दुर्बिणीत बाष्प शिरतं, आतून धुकं धरतं आणि पुढे काचेवर बुरशीचं जाळं येतं. नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून बंद केलेली, वॉटरप्रूफ दुर्बीण घ्या. ‘वॉटर रेझिस्टंट’ वेगळं, ते नुसते शिंतोडे. कोणतीही असली तरी पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. किनाऱ्यावरून आल्यावर आधी फुंकणीने वाळू उडवा, मगच पुसा. शर्टाच्या टोकाने पुसाल तर वाळू काचेवर ओरखडे काढेल.

आता प्रिझम. बाहेरून बघितलं तर दुर्बिणी दोन प्रकारच्या. खांदे असलेली, वाकडी, आजोबांच्या काळातली वाटणारी ती पोरो. १८५० च्या दशकात इन्यात्सिओ पोरो नावाच्या इटालियन माणसाने ही रचना आणली, तिचंच नाव. सरळ नळ्यांची ती रूफ. सरळवाली स्मार्ट दिसते म्हणून आपण तिच्याकडे जातो, पण रूफ प्रिझम नीट बनवणं महाग काम आहे. आत ‘फेज कोटिंग’ नसेल तर चित्र मऊ पडतं, पिसांच्या बारीक रेषा पुसट होतात. म्हणून बजेट अगदी कमी असेल तर स्वस्त रूफपेक्षा त्याच पैशातली पोरो चांगलं दाखवते. निकॉनची ॲक्शन ईएक्स ८×४० पोरो असून वॉटरप्रूफ आहे, फक्त जड आहे. बजेट वाढलं की फेज कोटिंगवाली रूफ घ्या. मोनार्क एम५, व्होर्टेक्सची डायमंडबॅक एचडी या त्या रांगेतल्या. त्यापुढे लाख-दीड लाखांच्या स्वारोव्स्की, झाइस, लायका आहेत. एकदा बघितलंय त्यातून. विषय बदलू या.

माझं बजेट वीस हजारांच्या आत होतं. किमती सेलप्रमाणे हलतात, म्हणून आकडे देत नाही. पण एक सांगतो, दुसरी दुर्बीण पहिलीच्या दीडपट किमतीची घेऊ नका, फरक जाणवणार नाही आणि वर्षभरात तिसरी बघाल. थांबा, पैसे साठवा, तीन-चारपट चांगल्या पायरीवर जा.

आता बाबांच्या सहा ओळी.

बाबा एमआयडीसीतल्या एका कापड कंपनीतून निवृत्त झाले. तीस वर्षं शिफ्ट. निवृत्तीनंतर सकाळी सहाला आपोआप जाग यायची आणि मग काय करायचं कळायचं नाही. एकदा माझ्याबरोबर शिरगावला आले, मग येतच राहिले. मी दुर्बीण त्यांच्या हातात द्यायचो. ते चष्मा काढायचे, दुर्बीण लावायचे, शोधायचे, म्हणायचे, ‘हो हो, दिसला.’ चष्मा परत लावायचे. मी खूश.

मग बग लिस्ट लिहिताना एक दिवस विचारलं, ‘बाबा, त्याच्या डोक्यावर काय रंग होता?’ ते जरा थांबले. म्हणाले, ‘अरे, मला एक काळा गोल दिसतो फक्त. तू एवढ्या हौसेने देतोस, म्हणून हो म्हणतो.’

एक वर्ष. एक वर्ष माणूस काळा गोल बघत माझ्याबरोबर येत होता.

ही आय रिलीफची भानगड. मागच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. माझ्या १०×५० चं ते बारा मिलिमीटरच्या आसपास. चष्मा मध्ये आला की डोळा त्याहून लांब जातो आणि चित्राच्या कडा जातात. चष्मा काढावा तर बाबांच्या डोळ्यात सिलिंड्रिकल नंबर, तो फोकसच्या चाकाने भरून निघत नाही. शिवाय दुर्बीण वाकलेली, ते वेगळंच. चष्मा असेल तर आय रिलीफ १६ मिलिमीटर किंवा जास्त बघा, आणि मागचे रबरी कप पिळून पूर्ण खाली करा. चष्मा नसेल तर कप पूर्ण वर. माझे चुलत भाऊ कप वर करून चष्म्यातून बघतात आणि दुर्बिणीला शिव्या देतात.

तर यादी बनली: ८×४२, फेज कोटिंग, फुली मल्टी-कोटेड, वॉटरप्रूफ, अडीच मीटरच्या आत फोकस, सातपेक्षा जास्त अंश, आय रिलीफ १६ च्या वर. एवढं लिहून सर्च केलं तर बजेटमध्ये तीनच मॉडेल उरली. बोईसर-पालघरला हातात घेऊन बघायला दुकान नाही. मुंबईला फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत जाऊन तिन्ही बाबांच्या चष्म्यावर लावून बघितल्या. दुकानदार म्हणाला, ‘काकांना दहा पटवाली द्या, वय झालंय.’ बाबा म्हणाले, ‘वय झालंय म्हणूनच आठवाली, हात हलतो.’

ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. तारेची तपासणी वर सांगितलीच. दुसरी: दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे करा, सूर्याकडे कधीच नाही. मागच्या काचेत दिसणारा प्रकाशाचा गोल पूर्ण गोल हवा. चौकोनी कापल्यासारखा असेल तर आतली प्रिझम हलक्या काचेची आहे. तिसरी: मधलं चाक फिरवताना कुठे सैल, कुठे घट्ट लागत असेल तर परत करा.

एक सूचना फक्त आपल्या भागासाठी. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून इथे आहे. त्याच्या आसपासच्या किनाऱ्यावर पक्षी छान असतात, मान्य. पण प्रतिबंधित क्षेत्राच्या जवळ दुर्बीण काढू नका, केंद्राच्या दिशेने तर अजिबात नाही. ओळखपत्र जवळ ठेवा. आणि डहाणूकडच्या गावांत वहीत काहीतरी लिहीत, दुर्बीण घेऊन उभे राहिलात तर लोक विचारणारच. मला एका मच्छीमार काकांनी विचारलं, ‘सर्वेला आलायस का?’ आवाज चांगला नव्हता. मी काही समजावत बसलो नाही, नवी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी पक्षी बघितलेच नाहीत. थेट समुद्रातल्या होड्यांवर नेली, थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, ‘आमचीच आहे ती. जाळं ओढतायत.’ मग त्यांनी मला सांगितलं की कालवफोडे पलीकडच्या खडकांवर बसतात, इथे नाही. खरंच होते तिथे. अकरा.

आणि ते चिखल्ये? पुढच्या फेब्रुवारीत, त्रयोदशीला, परत शिरगाव. साडेआठला पाणी चढलं आणि कळप पन्नासेक मीटरवर आला. दुर्बीण बाबांकडे होती. मी विचारलं, ‘चोच?’ म्हणाले, ‘आखूड.’ ‘नक्की?’ ‘अरे, डोळ्यापासून चोचीच्या बुडापर्यंत जेवढं अंतर, तेवढीच आहे. पाय काळपट. लिही.’ ग्रेटर नव्हते म्हणजे. लिहिलं, एकवीस. या वेळी मेल आला नाही.

जाता जाता, खूप जणांनी विचारलंय की जुन्या दुर्बिणीचं काय करायचं. वाकलेली दुर्बीण कुणाला देऊ नका, त्याचंही डोकं दुखेल. पण नळ्या एकमेकींशी जुळत नसल्या तरी एकेक नळी व्यवस्थित असते. माझ्या १०×५० च्या मधल्या दांड्याच्या पुढच्या टोकाला एक झाकण आहे, ते उघडलं की आत तिपाईचा आटा मिळतो. त्याचा एल आकाराचा ॲडाप्टर मिळतो, आणि फोन मागच्या काचेवर पकडून ठेवणारा क्लॅम्प वेगळा मिळतो. डाव्या नळीवर फोन, खाली तिपाई, फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने, टायमर लावून. कालवफोड्यांचा फोटो तसाच काढलाय, या भागाच्या कव्हरवर तोच आहे.